तात्पर्याच्या अलीकडे

लहान मुलांच्या पुस्तकांविषयी आपल्या नियतकालिकांतून जे लिहिले जाते ते बहुधा दोन प्रकारचे असते. एक तर दिवाळीच्या सुमारास पाच-दहा पुस्तकांची नावे, किमती आणि ‘चित्रे आकर्षक आहेत’ असा शेरा. नाहीतर ‘संस्कार’ या शब्दाभोवती घातलेली भक्तिपूर्ण प्रदक्षिणा. पुस्तक मुलाच्या घरी पोहोचल्यावर, आणि वडीलमाणसाच्या मांडीला टेकून मूल ते ऐकू लागल्यावर, त्या दोघांच्या मध्ये काय घडते याचा विचार टीकाकारांनी फारसा केलेला नाही. टीकाकार होईपर्यंत त्यांची मुले मोठी झालेली असतात, हे एक कारण असू शकेल. आम्ही काही टीकाकार नव्हे. केंद्र सरकारच्या एका कचेरीत टिपणे लिहिणारे लिपिक आहोत. परंतु गेली दोन वर्षे दररोज रात्री अर्धा तास मोठ्याने वाचण्याचा जो प्रसंग आमच्यावर येत आहे, त्यातून मराठी बालवाङ्मयाविषयी काही मते बनली आहेत. ती या मासिकाच्या वाचकांपुढे, विशेषतः आमच्यासारख्याच बदलीच्या हुकमाबरोबर मुलाबाळांसह देशभर फिरणाऱ्या वाचकांपुढे, ठेवावी असे वाटते.

आमचा मुक्काम सध्या बेळ्ळंदूर येथे आहे. बंगळूरच्या आग्नेयेस असलेले हे एके काळचे खेडे आता उंच इमारतींच्या दाटीत सापडले असून, त्याच्या नावाचे तळे शहरातील सर्वांत मोठे म्हणून ओळखले जाते. तळ्याची कीर्ती मात्र निराळ्याच कारणाने पसरली. शहराचे सांडपाणी पोटात घेऊन त्यावर फेसाचे डोंगर उठत. मे २०१५ मध्ये त्या फेसाने पेट घेतला, आणि जानेवारी २०१८ मध्ये तेथे लागलेली आग विझवण्यासाठी लष्कराचे जवान आणावे लागले. आमची बदली त्यानंतरची. तथापि इमारतीच्या पहारेकऱ्याने ही हकीकत आमच्या पाच वर्षांच्या कन्येस तिखटमीठ लावून सांगितली, आणि त्या रात्री पुस्तक उघडण्यापूर्वी तिने विचारले, “बाबा, तळं पेटलं तेव्हा मासे घाबरले असतील का?” आम्ही तिला साबणाचा फेस, कुजलेल्या गाळातून निघणारा वायू, इत्यादी गोष्टी समजावून सांगितल्या. पदवीपरीक्षेस रसायनशास्त्र घेतल्याचा एकदा तरी उपयोग झाला म्हणून आम्हांस थोडे समाधानही वाटले. तिने ते सारे शांतपणे ऐकून घेतले व पुन्हा विचारले, “पण घाबरले असतील का?”

प्रस्तुत लेख त्या दुसऱ्या प्रश्नातून निघालेला आहे.

परप्रांती राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून मुलांची भाषा जाते ती एकदम जात नाही. पोळी, पाणी, ये, जा, झोप हे शब्द शेवटपर्यंत टिकतात, कारण त्यांवाचून घरात चालत नाही. आधी जातात ते मनाचे शब्द. आमच्या कन्येच्या वर्गात भिंतीवर पाच चेहऱ्यांचा तक्ता लावलेला आहे. सकाळी आल्यावर प्रत्येक मुलाने आपल्या मनःस्थितीच्या चेहऱ्यावर बोट ठेवावयाचे. हॅपी, सॅड, अँग्री, स्केअर्ड आणि पाचवा ‘ओके’. कल्पना वाईट नाही. आमच्या लहानपणी शाळेत कोणी मनःस्थिती विचारली नाही. विचारले ते पाढे. परंतु ज्या देशात भरतमुनींनी ८ स्थायी भावांखेरीज ३३ व्यभिचारी भाव निरनिराळे करून मोजले, तेथील मुलांना पाच चेहऱ्यांत भागवावे लागावे याची खंत वाटते. त्या ३३ भावांत ‘अवहित्थ’ म्हणून एक भाव आहे. मनातला भाव चेहऱ्यावर दिसू न देणे, म्हणजे भावना लपवणे, हाही नाट्यशास्त्राने एक भावच मानला आहे. पाच चेहऱ्यांच्या तक्त्यात त्याला जागा नाही. वाचकांनी हा शब्द ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

नाट्यशास्त्र दूरच राहो, आपल्या घरगुती मराठीतच केवढी संपत्ती आहे! मूल रुसते तेव्हा कोणीतरी येऊन आपली समजूत काढावी अशी त्याची अपेक्षा असते. समजूत काढणारे कोणी नसेल तर रुसण्यात अर्थ नाही. मूल हिरमुसते तेव्हा मात्र कोणावर रोष नसतो, सहलीच्या दिवशी पाऊस पडलेला असतो. वरमणे आणि ओशाळणे यांत, कावराबावरा आणि घाबराघुबरा यांत, हुरहूर आणि चुटपूट यांत जो फरक आहे तो शब्दकोशापेक्षा आजीच्या बोलण्यातून अधिक कळतो. हुरहूर पुढे घडावयाच्या किंवा दूर असलेल्या गोष्टीची. चुटपूट करावयाचे राहून गेल्याची. आजी जेथे नाही तेथे हे शब्द मुलाच्या कानी पडण्याचा मार्ग एकच उरतो, तो म्हणजे मोठ्याने वाचलेले पुस्तक.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. शेजारच्या कन्नड मुलीबरोबर खेळून आल्यावर आमची कन्या एकदा म्हणाली, “मला बेजार झालं.” आम्ही लगेच व्याकरणाची छडी उगारली. बेजार होणे म्हणजे त्रासून जाणे. आणि ‘मला’ नव्हे, ‘मी बेजार झाले’ म्हणावे. पुढे कचेरीतल्या एका कन्नड सहकाऱ्यांकडून कळले की कन्नडात ‘बेजारु’ म्हणजे उदास वाटणे, मन खट्टू होणे, करमेनासे होणे. शब्द मुळात फारसी. मराठीत येऊन त्याने वैताग पत्करला, कन्नडात जाऊन तो खिन्न झाला. मुलीने आपल्या मनाला नेमका बसणारा शब्द शोधून आणला होता, आणि आम्ही तिला विभक्ती शिकवीत बसलो होतो. तिला बेजार का झाले हे विचारावयाचे राहूनच गेले.

आता पुस्तकांकडे वळू. मराठीतले मुलांसाठी छापलेले पहिले पुस्तक म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते मराठी मुलखात छापले गेले नाही, हे या मासिकाच्या वाचकांस गमतीचे वाटेल. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तंजावरास सरफोजीराजांच्या आश्रयाने ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने इसापच्या गोष्टींचे भाषांतर निघाले. म्हणजे आपले बालवाङ्मय जन्मले तेच परप्रांती. आणि जन्मतः त्याच्या गळ्यात तात्पर्याचा ताईत होता. तो पुढे दीड-दोनशे वर्षे निघाला नाही. भावनगरास गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) आणि त्यांचे कार्य मराठीत आणणाऱ्या ताराबाई मोडक (१८९२–१९७३) यांनी गोष्ट आनंदासाठी सांगावी, तिच्या शेपटाला उपदेश बांधू नये, असे परोपरीने सांगितले. शिक्षकांनी त्यांच्या तसबिरी लावल्या आणि तात्पर्ये लिहून घेणे चालूच ठेवले.

तात्पर्याला आमचा विरोध तात्त्विक नाही. आक्षेप एवढाच की ते फार लवकर येते. मूल जेथे थांबलेले असते तेथून तात्पर्य त्याला हात धरून पुढे ओढते. कोल्ह्याला द्राक्षे मिळाली नाहीत. ती आंबट आहेत असे म्हणून तो निघून गेला. तात्पर्य, न मिळालेल्या वस्तूस नावे ठेवणे हा मूर्खांचा स्वभाव आहे. उड्या मारून थकलेल्या आणि उपाशी असलेल्या त्या कोल्ह्याचे पुढे काय झाले, त्याला कसे वाटले, हा प्रश्न मुलाच्या ओठांवर असतो, तोवर पान उलटलेले असते. वस्तुतः या कोल्ह्याइतके अवहित्थाचे सुंदर उदाहरण दुसरे सापडणार नाही. आमच्या कन्येने त्याला एका शब्दात ओळखले. “तो रडू लपवतोय,” ती म्हणाली. इसापला जे दिसले त्यापेक्षा हे अधिक आहे, असे पितृप्रेम बाजूस ठेवूनही आम्हांस वाटते.

लोककथांची गोष्ट वेगळी आहे, आणि सरसकट गौरव करण्यासारखी नाही. चिऊकाऊची कथा घ्या. शेणाचे घर पावसात वाहून गेलेला कावळा मेणाच्या घरात राहणाऱ्या चिमणीचे दार ठोठावतो, आणि चिमणी बाळाचे एकेक काम पुढे करून त्याला पावसात तिष्ठत ठेवते. ही कथा सांगताना मोठी माणसे चिमणीचा आवाज काढून हसतात. मुले हसतात, पण सगळी हसत नाहीत. ज्या मुलाला नुकतेच कोणी खेळायला घेतलेले नसते ते कावळ्याच्या बाजूने दाराबाहेर उभे असते. ‘कावळा लबाड असतो’ असे सांगून आपण त्याची बोळवण करतो. ज्याचे घर शेणाचे त्यालाच लबाड का म्हणावयाचे, हा प्रश्न पाच वर्षांच्या मुलास पडतो आणि आपणांस पडत नाही, यात आपल्या समाजाचीही काही परीक्षा आहे. पण तो विषय निराळा.

याच्या उलट भोपळ्यात बसून लेकीकडून परत येणारी म्हातारी. वाघ आणि कोल्हे वाटेवर टपलेले, म्हातारीच्या अंगात बळ नाही, भीती खरी आहे आणि गोष्टीतले कोणीही तिला ‘भिऊ नकोस’ असे म्हणत नाही. तिला भोपळा मिळतो. भीती नाहीशी करण्याऐवजी भीतीसकट माणसाला आत बसता येईल अशी एक वस्तू ही कथा देते. आमची कन्या विजेच्या कडकडाटाच्या वेळी पांघरूण डोक्यावरून घेते आणि आतून सांगते की मी भोपळ्यात आहे. आम्ही तिला वीज का चमकते हे सांगण्याचा मोह त्या प्रसंगी आवरला, हे नमूद करावेसे वाटते.

अलीकडच्या चित्रपुस्तकांविषयी थोडक्यात. माधुरी पुरंदरे यांनी स्वतः लिहून स्वतः चितारलेल्या ‘राधाचं घर’सारख्या पुस्तकांनी मराठीत मोठीच गोष्ट केली. घरातली माणसे घरातल्यासारखी वागतात, आणि पुस्तक मिटल्यावर कोणी पाठीवर थाप मारून ‘काय शिकलास?’ असे विचारीत नाही. त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार २०१४ मध्ये मिळाला, तेव्हा तो तात्पर्याविना मिळाला याचा आम्हांस विशेष आनंद झाला. बंगळूरचाही येथे वाटा आहे. २००४ मध्ये सुरू झालेली प्रथम बुक्स ही संस्था याच शहरातून मराठीसह अनेक भारतीय भाषांत मुलांची पुस्तके काढते. मात्र एकंदर भाषांतरित चित्रपुस्तकांच्या मराठीविषयी आमची तक्रार आहे. त्यांतील मुले ‘दुःखी होतात’ आणि ‘आनंदी होतात’. मराठी घरात मूल दुःखी होत नाही. त्याचे तोंड एवढेसे होते, ते खट्टू होते, मुसमुसते, फुरंगटून बसते. दुःखी व्हावयाचे ते नाटकातल्या राजांनी. पाच चेहऱ्यांचा तक्ताच मराठी अक्षरांत छापल्यासारखे हे होते. मोठ्याने वाचणाऱ्याने अशा ठिकाणी छापील शब्द बाजूस ठेवून घरचा शब्द घालावा. ग्रंथकारांचा अपमान होतो असे समजू नये.

वाचताना मुलाशी भावनांविषयी बोलावे, हे आता शास्त्रज्ञही सांगतात. अमेरिकेत पिट्सबर्ग येथील सेलिया ब्राउनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दीड ते अडीच वर्षांच्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आईबाप आणि मूल चित्रपुस्तक वाचत असता त्यांच्यात काय बोलणे होते हे त्यांनी टिपले, आणि तीच मुले दुसऱ्याला मदत किती करतात, आपल्याजवळचे दुसऱ्याला किती देतात, हे पाहिले. ज्या मुलांना चित्रातल्या माणसाला काय वाटते आहे व का, हे सांगावयास लावले जात होते, ती मुले अधिक मदत करणारी आढळली. आम्हांस महत्त्वाचे वाटले ते असे की आईबापांनी स्वतः भावनांवर केलेल्या भाषणाशी या गोष्टीचा तसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो मुलाकडून काढून घेतलेल्या बोलण्याशी. म्हणजे ‘बघ, ससा किती घाबरला आहे’ हे पुरेसे नाही. ‘ससा असा का बसला असेल?’ असे विचारून गप्प बसता आले पाहिजे. गप्प बसणे हे पित्यांना जड जाते. सरकारी नोकरीत तर समोरचा कागद निकाली काढण्याची सवय इतकी लागते की मुलाचा प्रश्नही आपण शेरा मारून वरिष्ठांकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, पाठवून देतो.

या दृष्टीने आम्ही ‘श्यामची आई’ पुन्हा वाचले, आणि खरे सांगावयाचे तर हा लेख त्या पुस्तकाविषयीच आहे.

साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले व ते १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. अत्र्यांचा चित्रपट १९५३ चा. मराठी घरात हे पुस्तक असते. न वाचताही असते. आमच्या प्रतीवर आमच्या मातोश्रींचे नाव आहे, आणि ती प्रत चार बदल्यांत चार गावे फिरली आहे. पाच वर्षांच्या मुलीस हे संपूर्ण पुस्तक झेपणारे नाही हे आम्ही जाणतो. म्हणून निवडक ‘रात्री’ घ्यावयाच्या, कठीण वाक्ये सोपी करावयाची, असा बेत होता.

पहिला अडथळा ‘श्यामचे पोहणे’ येथे आला. श्याम पाण्याला भितो, पोहावयास जाणे चुकवण्यासाठी माळ्यावर लपतो. आई त्याला शोधून काढते आणि मारीत विहिरीकडे पाठवते. पुढे ती त्याची समजूत घालते. आपल्या मुलास जगाने भित्रा म्हणू नये ही तिची तळमळ. हा प्रसंग आम्ही लहानपणी वाचला तेव्हा आईचे बरोबरच आहे, याविषयी आमच्या मनात शंका नव्हती. आमची कन्या मात्र माळ्यापाशीच थांबली. “आईने त्याला विचारलं का नाही, तुला कशाची भीती वाटते म्हणून?” या प्रश्नास पुस्तकात उत्तर नाही. गुरुजींना दोष देण्यात अर्थ नाही. ज्या काळच्या कोकणातली ती आई आहे त्या काळी पोहता न येणे हे जिवावरचे होते आणि भीती ही विचारपूस करण्याची वस्तू नव्हती. परंतु भक्तीपोटी ‘आईने मारले ते प्रेमानेच’ असे सांगून पुढे जाणे आम्हांस जमले नाही. आम्ही म्हणालो, विचारावयास हवे होते. पुस्तकातल्या आईविरुद्ध असा निकाल देताना, आमच्या मातोश्रींची सही असलेली ती प्रत हातात असल्यामुळे, आम्ही किंचित कावरेबावरे झालो.

‘अळणी भाजी’ ही रात्र मात्र एकट्या बालवाङ्मयाचीच नव्हे तर मराठी कथेची एक शोभा आहे. आई भाजीत मीठ घालावयास विसरते, वडील अक्षर न बोलता ती खातात, आणि आई स्वतः जेवावयास बसते तेव्हा तिला कळते. वडिलांचे न बोलणे मोठे की आईची चुटपूट मोठी, असा नाजूक प्रश्न लेखक तेथे उभा करतो. भावना लपवणे हे कधी प्रेमाचे लक्षण होते, हे इतक्या थोड्या सामग्रीत, एका पानावर वाढलेल्या भाजीत, दाखवणारा दुसरा लेखक आम्हांस आठवत नाही. कन्येने येथेही हरकत घेतलीच. “म्हणजे बाबा खोटं वागले?” आम्ही या वेळी शहाणपण शिकलो होतो. “तुला काय वाटतं?” असे विचारून स्वस्थ बसलो. तिने बराच वेळ घेतला. मग म्हणाली, “खोटं नाही. पण आईला नंतर सांगायला हवं होतं. नाहीतर तिला एकटीलाच वाईट वाटतं.” एवढे म्हणून ती झोपी गेली. आम्ही पुढे कितीतरी वेळ जागे होतो, कारण आमच्याही घरात अळणी भाजीसारखे न बोलून खाल्लेले काही होते.

गेल्या पावसाळ्यात आमच्या मातोश्री मिरजेस वारल्या. सकाळी दूरध्वनी आला. आम्ही कचेरीत जाऊन रजेचा अर्ज दिला आणि रात्रीच्या राणी चन्नम्मा गाडीने निघालो. दुसऱ्या दिवशी घरी पोहोचलो तेव्हा सर्व आटोपले होते. पावसाचे दिवस होते, थांबता येणे शक्य नव्हते, असे वडील बंधूंनी सांगितले. त्यांचे चुकले असे आम्ही म्हणत नाही. परप्रांती नोकरी करणाऱ्या किती वाचकांनी हीच गाडी निराळ्या नावाने पकडली असेल, हे आम्ही जाणतो. परत आल्यावर कन्येस सांगितले की आजी देवाघरी गेली. तिने दोन-तीन प्रश्न विचारले, आम्ही त्यांची उत्तरे देवाच्या पत्त्यावर पाठवून दिली, आणि प्रकरण बंद केले.

तर श्यामच्या आईचे शेवटचे आजारपण जवळ येऊ लागले तेव्हा आम्ही पुस्तक मिटण्याच्या विचारात होतो. ‘पुढे काही नाही, संपले’ असे सांगितले. कन्येने पुस्तक हातात घेऊन उरलेल्या पानांची जाडी दाखवली. लहान मुलांना वाचता येत नसले तरी जाडी कळते. मग ‘भस्ममय मूर्ती’ वाचावयास घेतली. श्याम घरी पोहोचतो तेव्हा आई गेलेली असते. हे आम्हांस माहीत होते, शाळेत असल्यापासून माहीत होते. तरी त्या जागी आवाज बसला आणि पुढचा शब्द फुटेना. “बाबा, तुम्हाला रडू येतंय?” आम्ही चष्मा काढून पुसला व अक्षर बारीक असल्याचे सांगितले. तिने आमच्याकडे नीट पाहिले. द्राक्षांखाली उभ्या असलेल्या कोल्ह्याकडे तिने असेच पाहिले होते.

त्या रात्रीनंतर या पुस्तकाच्या रचनेकडे आमचे लक्ष गेले, आणि इतक्या वर्षांत ते का गेले नाही याचे नवल वाटले. ‘श्यामची आई’ हे आईने मुलाला केलेल्या उपदेशांचे पुस्तक आहे, असे आपण धरून चालतो; चित्रपटाने ते अधिकच पक्के केले. परंतु पुस्तक तसे लिहिलेले नाही. ते एका मोठ्या माणसाने संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर आश्रमातल्या सोबत्यांना सांगितलेल्या आठवणींचे पुस्तक आहे. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटले आहे ते उगाच नव्हे. सांगणारा सांगता सांगता गहिवरतो, थांबतो. ऐकणाऱ्यांचे डोळे भरून येतात. कोणी काही विचारतो, कोणी नुसता बसून राहतो. आईचे उपदेश हे त्या बैठकीच्या आत आहेत. आपण आतले उपदेश उचलले, पाठ्यपुस्तकांत घातले, त्यांवर प्रश्न काढले, आणि बाहेरची बैठक टाकून दिली. टीकाकार गुरुजींना अश्रूंचे लेखक म्हणतात आणि त्यात थोडा उपहास असतो. अश्रू अधिक आहेत हे आम्हांसही मान्य आहे. काही ठिकाणी ते वाङ्मयाला बुडवतात. परंतु ऐकणाऱ्यांसमोर रडू लपवीत न बसणारा सांगणारा मराठी मुलांच्या पुस्तकांत दुसरा कोठे आहे? आमच्या पिढीच्या पुरुषांनी तर तो घरातही पाहिलेला नाही. श्यामच्या आईने श्यामला भीतीविषयी विचारले नाही. पण मोठ्या झालेल्या श्यामने आपल्या दुःखाविषयी इतरांना सांगितले. या दोन गोष्टींतील अंतर हेच आम्हांस या पुस्तकाचे मोठेपण वाटते, आणि ‘संस्कार’ शोधणाऱ्यांच्या हाती ते लागत नाही.

दुसऱ्या रात्री आम्ही पुस्तक न उघडता कन्येस सांगितले की काल अक्षर बारीक नव्हते. आजी गेली तेव्हा आम्हांस पोहोचावयास उशीर झाला, तिला पाहता आले नाही, त्याची चुटपूट लागून राहिली आहे. ‘चुटपूट’ या शब्दाचा अर्थ सांगावा लागेल अशी आमची तयारी होती. तो तिने विचारला नाही. “आजीला माहीत होतं का, तुम्ही येताय ते?” असे तिने विचारले. आम्ही सांगितले की पुढच्या महिन्यात येतो असे रविवारी दूरध्वनीवर बोलणे झाले होते. तिने त्यावर विचार केला. मग आजीच्या हातच्या मेतकुटाविषयी, आजीच्या खोकल्याविषयी, आजी कन्नड गाड्यांवरच्या पाट्या कशा चुकीच्या वाचून दाखवत असे त्याविषयी बोलणे निघाले. घरातूनही येऊन बसल्या. त्या रात्री वाचन झाले नाही.

त्यानंतरच्या रात्री कोणती गोष्ट वाचावयाची हे कन्येने स्वतः ठरवले. अनुक्रमणिकेवर बोट फिरवता फिरवता एका ठिकाणी तिला ओळखीची दोन अक्षरे भेटली. “इथे आजी आहे,” ती म्हणाली. ती ‘दूर्वांची आजी’ होती. आम्ही पान काढून वाचावयास सुरुवात केली.